वर्षांचा ताळेबंद

पेढीवरचा हिशेब पैशापैशाचा असतो. धुरात जाणाऱ्या वर्षांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. ती नोंद इंग्लंडमध्ये झाली. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्याच धूम्रपानाची माहिती टिपण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांचा ताळेबंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट न सोडणारे पुरुष, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी मृत्यू पावले. चाळिशीत सोडणाऱ्यांनी त्यांतील सुमारे ९, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६, तर साठीत सोडणाऱ्यांनीही ३ वर्षे वाचविली. ‘आता या वयात सोडून काय लाभ?’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

सोडताना चिडचिड होते, झोप उडते, चित्त लागत नाही. कारण मेंदूला निकोटिनची सवय जडलेली असते. अशा वेळी घरच्यांचे टोमणे उपयोगी पडत नाहीत. समुपदेशन, निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे यांनी यशाची शक्यता वाढते. शासनाच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते.

साठीतल्या वडिलांची ३ वर्षे म्हणजे नातवंडांसमवेत आणखी तीन दिवाळ्यांचे वहीपूजन. ही जमा कोणता व्यापारी सोडून देईल?