गळाचे दिवस
आषाढात हतनूरचे दरवाजे उघडले की तापी गढूळ, फुगलेली. धरणाला ४१ दरवाजे. त्यातले निम्मे उघडले तरी गळ घरी खुंटीलाच बरा. खरी मजा दिवाळीनंतर. मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथलं पाणी तोवर निवळतं. रोहूला कणकेचा गोळा, वामीला गांडूळ. मरळ मात्र बेडकी दिसल्याशिवाय ढुंकून बघत नाही, मोठी मानी!

मे महिन्यात पांझरेत उरते वाळू आणि डबकी. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते, म्हणून डबक्यातही तग धरते. तिच्यावर तेव्हा गळ टाकवत नाही. नुसता काठावर बसतो.

काल मोठा भाऊ म्हणाला, "मासा धरना नही, ते कसाले जास रे?"

उत्तर सुचलं नाही. डबक्यात एक बुडबुडा उठला होता, तेवढा सांगितला.