घोरणं थांबतं तेव्हा

आमच्या राहू गावात उसाला पाणी द्यायचं म्हणजे रात्रीच्या विजेची वाट बघायची. मोटार बंद करून तात्या पहाटे ओसरीवर आडवे झाले की घोरणं सुरू. "दमलाय गं, गाढ झोपलाय," आजी म्हणायची. मधेच आवाज तुटे. पोट वर-खाली होई, पण नाकातोंडातून वारा नाही. मग मोठा उसासा, कूस बदलणं, पुन्हा घोरणं. दिवसा बांधावर बसल्या बसल्या ते पेंगत. गोळ्या वाढत गेल्या तरी रक्तदाब उतरला नाही. झोपेबद्दल कुणी विचारलंच नाही.

चाळिशीनंतर तेच घोरणं माझ्याकडं आलं. "अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो. हलवलं की घेता," बायको सांगू लागली. पुण्यात झोपेची तपासणी झाली. 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला किंवा फार कमी झाला, की नोंद होते. तासाला 30 च्या वर नोंदी म्हणजे आजार तीव्र. माझा तीव्रच निघाला.

कारण मला मुळा-मुठेच्या काठावरच्या मोटारीवरून उमगलं. पाणी ओढणाऱ्या बाजूला कडक पाइपच लागतो. तिथं लपेटा, म्हणजे गुंडाळता येणारा मऊ पाइप, जोडला तर मोटारीच्या ओढीनं तो चपटा होऊन चिकटतो. तोच पुढच्या बाजूला लावा, पाण्याच्या दाबानं टरारून फुगतो. श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात. तिच्या वरचा घसा मात्र मऊ, स्नायूंच्या जोरावर उघडा. झोपेत ते स्नायू सैलावतात. उताणं झोपलं की जीभ मागं येते, गळ्याची चरबी दाबते. अरुंद वाटेतून हवा वेगानं जाते, भिंती थरथरतात, तेच घोरणं. छातीनं आणखी ओढ घेतली की वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि सकाळी माणसाला काही आठवत नाही.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली नाकावाटे दाबानं हवा सोडून हा घसा उघडा ठेवून दाखवला. माझ्या उशाशी आता तेच सीपॅप यंत्र आहे. गावी वीज जाते म्हणून इन्व्हर्टरही घेतला. पहिल्याच आठवड्यात दुपारची पेंग गेली, आणि तात्यांची फार आठवण आली.

असे आम्ही दोघंच नाही. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 साली मुंबईतल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला; साडेसात टक्क्यांना हा आजार होता. 2022 साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा हा आजार बातम्यांत आला, मग विसरला गेला.

तुमच्या घरात कुणी घोरता घोरता गप्प होत असेल, तर तो आवाज मोबाइलवर टिपा आणि डॉक्टरांना ऐकवा. त्या माणसाला ट्रॅक्टर-गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर याच आठवड्यात.