पुलाअलीकडचं मत, पुलापलीकडचं मत

नदी एकच हो! डेलावेअर तिचं नाव. अलीकडे ट्रेंटन, न्यू जर्सीची राजधानी. पलीकडे मॉरिसव्हिल, म्हणजे पेनसिल्व्हेनिया. मधे जुना लोखंडी पूल आणि त्याच्या अंगावर भली मोठी अक्षरं: ‘ट्रेंटन बनवतं, जग घेतं’. पायी पाच-सात मिनिटांचा रस्ता. पण तेवढ्यात माणसाच्या मताचा भाव असा काही बदलतो की २०२४ च्या ऑक्टोबरात तो पूल ओलांडल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. आमचे हे म्हणतात, आता पुरे. पुरे कसं? एवढी मोठी गंमत, आणि ती मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळावी!

सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलो होतो. राष्ट्राध्यक्षांची निवडणूक महिन्यावर आलेली आणि तिच्या गल्लीत सामसूम. ना सभा, ना पत्रकं, ना दारावर टकटक. मला वाटलं, सुधारलेला देश, गुपचूप उरकत असतील. मग एका रविवारी पलीकडे गेलो, तर घरोघरी हिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या रोवलेल्या आणि हातात याद्या घेऊन पोरंपोरी दारोदार फिरताहेत. टीव्हीवरच्या जाहिराती आम्हीही बघत होतो, कारण फिलाडेल्फियाचीच चॅनेलं लेकीकडे दिसतात. पण त्यांचा सगळा लाडीगोडीचा सूर पलीकडच्यांसाठी. बँड शेजारच्या मांडवात आणि झोपमोड आपली, तसं.

“अगं, तुमच्याकडे का गं कोणी फिरकत नाही?”

“आमचं ठरलेलं असतं ना आई. १९८८ नंतर इथे रिपब्लिकन उमेदवार जिंकलेलाच नाही. मग कोण कशाला पेट्रोल जाळेल?”

त्या रात्री जावयांनी कागदावर चौकोन काढून मला इलेक्टोरल कॉलेज समजावलं, आणि माझी झोप उडाली ती उडालीच. तिथला मतदार थेट राष्ट्राध्यक्ष निवडतच नाही! तो आपल्या राज्याचे इलेक्टर निवडतो. प्रत्येक राज्याला त्यांच्या खालच्या सभागृहात जितक्या जागा, अधिक सिनेटच्या दोन, तितके इलेक्टर. राजधानी वॉशिंग्टनला तीन. एकूण ५३८, आणि २७० ला बहुमत. आणि मेन व नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर बाकी सगळीकडे ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात राज्याचे सगळे इलेक्टर. हरलेल्याला लाखो मतं पडली असली तरी शून्य.

म्हणजे देशभर जास्त मतं मिळवूनही माणूस हरू शकतो? “शकतो काय, हरलेत,” जावई म्हणाले. १८७६, १८८८, २०००, २०१६. हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं होती!

आता मी पडले बँकेतली. बँकेतल्या बाईला एक खोड कायमची लागते: फरक निघाला की तो सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही. आम्ही चार आण्यांच्या फरकापायी रात्री आठपर्यंत लेजरं उलथीपालथी केलेली माणसं. इथे तर २८ लाखांचा फरक! मी नातवाच्या दप्तरातला कॅल्क्युलेटर काढला.

पहिला संशय सगळ्यांना येतो तोच मलाही आला: लहान राज्यांना झुकतं माप. प्रत्येकाला सिनेटचे दोन सरसकट मिळतात ना! २०२० च्या जनगणनेचे आकडे घेतले. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाख, इलेक्टर ३. म्हणजे एका इलेक्टरमागे १ लाख ९२ हजार माणसं. कॅलिफोर्निया साडेतीन कोटींच्याही पुढे, ३ कोटी ९५ लाख, इलेक्टर ५४. एकामागे ७ लाख ३२ हजार. वायोमिंगचा माणूस जवळजवळ चौपट वजनाचा! सापडला फरक, म्हणून मी टाळी वाजवली.

मग सहज म्हणून आमच्या नदीच्या दोन काठांचा हिशेब केला. न्यू जर्सी: ९२ लाख ८९ हजार, इलेक्टर १४. एकामागे ६ लाख ६३ हजार. पेनसिल्व्हेनिया: १ कोटी ३० लाख, इलेक्टर १९. एकामागे ६ लाख ८४ हजार.

मी दोनदा करून बघितलं. वजन लेकीच्या मताचं जास्त! थोडंसंच, पण जास्त. आणि तरी तिच्या दारात काळं कुत्रं फिरकत नाही आणि पलीकडे पायघड्या! म्हणजे फरक निव्वळ वजनात नाही. तो ‘सगळं एकाला’ या नियमात आहे. न्यू जर्सीत जिंकणारा लाखाने जिंकला काय नि दहा लाखांनी काय, इलेक्टर चौदाच. मग वरच्या मतांना विचारतो कोण?

आणि खरी मेख ऐका. हा ‘सगळं एकाला’ नियम अमेरिकेच्या राज्यघटनेत नाहीच! इलेक्टर कसे नेमायचे ते घटनेने राज्यांवर सोडलं. ज्या राज्यात ज्याचं पारडं जड, त्याने आपल्या सोयीने नियम केला, मग शेजारच्याने केला, आणि अर्धशतकाच्या आत तो जणू वेदवाक्य झाला. घटनेचे शिल्पकार म्हणवणारे जेम्स मॅडिसन म्हातारपणी म्हणत होते की त्यापेक्षा जिल्हावार इलेक्टर निवडा. कोण ऐकतो?

मग मला फिलाडेल्फियाला जाणं भागच होतं. १७८७ च्या उन्हाळ्यात जिथे ही राज्यघटना लिहिली गेली, तो इंडिपेन्डन्स हॉल लेकीच्या घरापासून तासाभरावर. हिरव्या कापडाची टेबलं आणि समोर जॉर्ज वॉशिंग्टन यांची खुर्ची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली. इथे पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी मांडलं की लोकांनाच निवडू द्या. १९ जुलैला मॅडिसन म्हणाले की लोकांनी निवडणं सर्वांत उत्तम, पण अडचण दक्षिणेची; तिथले गुलाम मत देणार नाहीत, म्हणजे दक्षिणेचा प्रभाव उरणार नाही. इलेक्टरांच्या योजनेत ती अडचण सुटत होती. गुलामाला मत नाही, पण राज्याच्या जागा मोजताना तो तीन पंचमांश माणूस! हे वाचलं तेव्हा माझा सगळा उत्साह क्षणभर घशात अडकला. हा हिशेब काय नुसता लहान-मोठ्या राज्यांचा नव्हता.

शेवटी शिल्लक राहिलेले वांधे एका समितीकडे गेले आणि सप्टेंबरात तिने इलेक्टरांची योजना पुढे ठेवली. त्या समितीचे अध्यक्ष होते डेव्हिड ब्रिअर्ली. कुठले? न्यू जर्सीचे! मी तिथेच यांचा दंड धरला. थेट मताचा कैवार घेणारा पलीकडच्या काठाचा, आणि इलेक्टरांची योजना मांडणाऱ्या समितीचा प्रमुख अलीकडच्या! आणि आज? देशभरच्या मतांची सरळ बेरीज करा म्हणणाऱ्या राज्यांच्या करारात न्यू जर्सी २००८ सालीच सामील, आणि पेनसिल्व्हेनिया नाही. ट्रेंटन बनवतं, पेनसिल्व्हेनिया घेतं!

घरी येऊन पुन्हा कॅल्क्युलेटर. समजा, सिनेटचे ते सरसकट दोन इलेक्टर काढूनच टाकले तर? सन २०००: बुश २७१, अल गोर २६७ (गोर यांच्या एका इलेक्टरने मत कोरंच ठेवलं, ते सोडा). बुश यांची राज्यं तीस, वजा साठ, उरले २११. गोर यांची वीस राज्यं आणि राजधानी, वजा बेचाळीस, उरले २२५. गोर जिंकले! आता २०१६: राज्याराज्यांत मिळवलेले इलेक्टर ट्रम्प ३०६, क्लिंटन २३२. तशीच वजाबाकी: २४६ आणि १९०. ट्रम्प तरीही जिंकले, आणि आरामात!

बघा, आजार एक दिसतो, पण दोन आहेत. २००० मध्ये गळती झाली लहान राज्यांच्या झुकत्या मापातून. २०१६ मध्ये झाली ‘सगळं एकाला’ मधून: मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांच्या आतली आघाडी आणि पदरात ४६ इलेक्टर. मी हे ओरडून सांगितलं तेव्हा जावई भांडी लावत होते. हातातलं ताट तसंच धरून म्हणाले, “आई, हे मला माहीत नव्हतं.” त्या रात्री मला जेवण गोड लागलं.

पण जावई काही माझ्या बाजूला आले नाहीत. लेक म्हणते थेट मतं मोजा; ते म्हणतात, आहे ते ठेवा. “२००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांचा फरक होता आणि छत्तीस दिवस देश टांगलेला. भांडण निदान एका राज्यात होतं. देशभरची बेरीज केली आणि फरक थोडा निघाला, तर गावोगावी पेट्या उघडाव्या लागतील. आणि आई, तुमच्यासारखा निवडणूक आयोग आहे कुठे इथे?”

नाही? मी इलेक्शन ड्युट्या केलेली बाई. शाई, शिक्के, १७-सीचा फॉर्म. एका मताचा हिशेब लागेना म्हणून केंद्राध्यक्षांना घाम फुटलेला मी पाहिला आहे. आणि इथे राज्याराज्याचे कायदे वेगळे, याद्या वेगळ्या. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो. इतर राज्यांत गंभीर गुन्ह्याच्या कैद्याला तुरुंगात मत नाही, काही राज्यांत तर सुटून आल्यावरही अडवतात. मग बेरीज करायची ती कशाची? नाणी वेगवेगळी असताना एका गल्ल्यात मोजायची कशी? मला ते पटलं. लेक म्हणाली, “गव्हर्नर नाही का थेट मतांनी निवडत?” तेही पटलं. पण राज्यात कायदा एकच असतो हो, असं जावई म्हणाले, आणि मी पुन्हा डळमळले. अशा तीन रात्री गेल्या.

यांचं मत विचारलं तर म्हणाले, “आमच्या गावाला या वादाचं काय कौतुक! सरपंच २०१७ ला थेट जनतेतून केला, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा थेट. सरकार बदललं की सरपंचाची वाट बदलते.” खरंच की! तोच वाद, थेट की मधल्या माणसांमार्फत. फक्त आम्ही तो सहज फिरवतो आणि अमेरिकेला सव्वादोनशेहून जास्त वर्षांत जमलेलं नाही. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग ३८ राज्यांची संमती लागते. १९६९ साली खालच्या सभागृहाने मोठ्या बहुमताने थेट निवडणुकीची दुरुस्ती मंजूरही केली होती! पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांखाली ती गाडली गेली. म्हणून आता तो आडवाटेचा करार: सामील राज्यांनी आपले इलेक्टर देशभरात पहिल्या आलेल्याला द्यायचे, पण सगळ्यांचे मिळून २७० भरतील तेव्हाच. २०२४ मध्ये मेन आलं आणि बेरीज २०९ झाली. तेव्हा ६१ ची तूट होती.

पाच नोव्हेंबरच्या रात्री मी कागद-पेन घेऊन टीव्हीसमोर. न्यू जर्सी ठरल्याप्रमाणे गेलं. कोणी भुवईही उचलली नाही. पेनसिल्व्हेनियाचा निकाल लागेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. अखेर ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. आणि देशभरची मतंही ट्रम्प यांनाच जास्त, साधारण २३ लाखांनी. सकाळी जावई म्हणाले, “बघा आई, दोन्ही आकडे जुळले. मिटला वाद.”

मी चहा ठेवत होते. म्हटलं, अहो, ताळा जुळला म्हणजे वही बरोबर, असं आम्ही बँकेत कधीच मानलं नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज अगदी चोख येते. ती वही सर्वांत वाईट, कारण ती कोणी पुन्हा उघडत नाही.

त्यांनी काही न बोलता कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला.