दादा, सही करण्याआधी

ती. दादास,


कारखान्याकडून पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 40 लाख येतील आणि एजंट ते सगळे पेन्शन पॉलिसीत घालायला सांगतोय, असं वहिनीकडून कळलं. तू घाई करू नयेस, म्हणून हे पत्र.

अ‍ॅन्युइटी, म्हणजे अशी पेन्शन पॉलिसी, वाईट नाही. नव्वदी ओलांडलीस तरी पैसे येत राहतील, ही हमी बँकेची एफडी देत नाही. पण बहुतेक पॉलिसींत आकडा आयुष्यभर तोच राहतो. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर आजच्या 20 हजारांचं मोल बारा वर्षांत निम्म्यावर येतं. शिवाय त्या पेन्शनवर स्लॅबप्रमाणे कर लागतो.

‘तुमच्यामागे मुलांना पूर्ण मुद्दल परत’ असं एजंट सांगतोय ना? त्या सोयीची किंमत तूच मोजणार, हयातभर कमी पेन्शन घेऊन. मुलं कमावती आहेत. त्यांच्यासाठी तू पोटाला चिमटा का घ्यायचा? काळजी वहिनीची कर. ती तुझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि तुझ्या ईपीएसची पेन्शन तुझ्यामागे तिला निम्मीच मिळेल. म्हणून अ‍ॅन्युइटी घेशील तेव्हा दोघांच्या नावाची घे, तुझ्यानंतर तिला पूर्ण रक्कम चालू राहील अशी. थोडी कमी मिळेल, मिळू दे.

पण आत्ता आधी पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये होतात. घेतलेला दर पाच वर्षं बदलत नाही, आणि उद्या वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालंच तर काही रक्कम कापून घेऊन खातं मुदतीआधी बंदही करता येतं. खातं वहिनीसोबत जॉइंट काढ. उरलेल्यातले काही आजारपणासाठी बँकेत ठेव, काही दहा वर्षं हात न लावता म्युच्युअल फंडात. तिथे चढउतार आहेत, पण महागाईला पुरून उरायचं तर तेवढी जोखीम घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅन्युइटीचं सत्तरीला बघू. दर तेच राहिले, तर वाढलेल्या वयाला तेवढ्याच पैशांत पेन्शन जास्त बसते. तेव्हाही सगळे पैसे नकोत, एक हिस्साच.

सही झालीच असेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. तसं असेल तर आजच फोन कर.

तुझी,
धाकटी