केस नसलेला ब्रश



मुलगा पुण्याला नोकरीवर गेला तेव्हा त्याचा एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर इथेच, अचलपूरच्या घरी, राहिला. छोट्या मोटारींची मॉडेल्स रंगवण्याचा त्याला छंद होता. वर्षभर ते खोकं माळ्यावर पडून होतं. वापरात नसलेली वस्तू घरात ठेवणं म्हणजे परिग्रहच. म्हणून त्याला फोन केला, "कोणाला तरी देऊन टाकू का?"

तो म्हणाला, "आई, तूच शीक ना. याला केसच नाहीत. आता तुझी अडचण काय?"

मी गप्प झाले. त्याचं कारण सांगते.

शाळेत असताना मी सरकारी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झाले, इंटरमिजिएटला नापास झाले. वस्तुचित्रात तांब्याची छाया जमली नाही, नुसते डाग पडले. लाज वाटली. त्याच सुमारास कळलं होतं, की चांगले ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे असतात. घरी सांगून टाकलं, "मी ब्रश हातात धरणार नाही, हिंसा होते." सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे लग्न झालं, तर सासरेबुवा मंदिरात लोकांना सांगायचे, "आमच्या सुनेने लहानपणीच चित्रकला सोडली, जीवदयेसाठी." खारीची दया खोटी नव्हती, पण सोडण्याचं कारण ती नव्हती. पुढे बाजारात नायलॉनचे ब्रश आले, तरी मी एकही घेतला नाही. आणि आता हा केस नसलेला ब्रश समोर होता.

खोकं उघडलं. हे म्हणाले, "आता या वयात कायले हे?" मी म्हटलं, "अहो, पाहू तर द्या."

एअरब्रश म्हणजे जाड पेनासारखी नळी. आत बारीक सुई, टोकाला छिद्र, माझ्याकडच्याचं ०.३ मिलिमीटरचं. वर एक कळ असते. ती खाली दाबली की हवा सुटते, दाबलेलीच मागे ओढली की रंग येतो. मागे ओढाल तितका रंग जास्त. कॉम्प्रेसरचा दाब मी २० पीएसआयवर ठेवते. रंग दुधाइतका पातळ लागतो, आणि गाळूनच घालायचा, नाहीतर छिद्र तुंबतं. गाळायला मला कोणी शिकवावं लागलं नाही! रंगाचं गाळणं मात्र स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या गाळण्यापासून वेगळं ठेवलं आहे.

रंग घेताना डबीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. काळ्या रंगात पीबीके ९ असेल तर तो जाळलेल्या हाडांचा असतो, पीबीके ७ काजळीचा. मी ७ घेतला. तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी, हे पाण्यातल्या रंगालाही हवंच. सरावाला दिवसाउजेडीच बसते. दिव्यावर आलेला किडा ओल्या रंगात अडकला, तर ब्रशला केस नसण्याचा उपयोग काय?

सराव जुन्या हिशेबाच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर केला. पहिला धडा ठिपक्यांचा. चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक ठिपका, सगळे सारखे. माझा पहिला ठिपका पसरून त्याला पाय फुटले. शिकणारे त्याला कोळीच म्हणतात. ब्रश कागदाजवळ आणि कळ जास्त ओढलेली, की हवा ओला रंग चहूकडे पळवते.

दुसरा धडा रेघेचा. ब्रश जवळ धरला की बारीक रेघ, दूर नेला की रुंद आणि मऊ. मनगट नाही, कोपरापासून हात हलवायचा. माझ्या प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना गोळे येत होते, बाहुल्यांच्या डंबेलसारखे. मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "आई, तू थांबलेल्या हाताने रंग सोडतेस. आधी हवा, मग हात हलव, चालत्या हातातच रंग. संपवताना आधी रंग बंद, हात चालूच, हवा शेवटी." तिसरा धडा कट्यारीसारख्या रेघेचा. जाड सुरू करून, ब्रश जवळ नेत नेत आणि कळ पुढे सोडत टोकाला नाहीशी करायची. चौथा छटेचा, म्हणजे ब्रश दूर धरून एकावर एक पातळ थर द्यायचे, गडदाकडून फिक्याकडे.

यंत्र नवं नाही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालं. आपल्या रघुवीर मुळगावकरांनी (१९१८–१९७६) दिवाळी अंकांच्या आणि कॅलेंडरांच्या चित्रांत अशा फवाऱ्याचा वापर केला. त्या चेहऱ्यांवर ब्रशचे फटकारे कुठे दिसत नाहीत, याचं लहानपणी मला नवल वाटायचं. आता कळलं.

पावसाळ्यात नळीत पाणी साचून कागदावर थेंब पडायचे, दर थोड्या वेळाने पाणी काढावं लागायचं. असं करत भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जवाच्या दिवशी, मंदिरातून आले आणि पानं काढून बसले. आर्जव म्हणजे सरळपणा. त्या दिवशी सहा रेघा गोळ्यांशिवाय आल्या. सातवीला हात थांबला, कारण डोक्यात सासरेबुवांचं कौतुक घुमत होतं. ते आता नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं.

मग ह्यांनाच सांगितलं. चित्रकला दयेसाठी नाही, नापास झाले म्हणून सोडली. इतकी वर्षं खोटं कौतुक घेतलं.

हे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं कधीतरी. तू खारीपेक्षा त्या तांब्याबद्दलच जास्त बोलायची." आणि चहा ठेवायला उठले.

क्षमावाणीला मी सासरेबुवांच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि मोठ्याने सांगितलं. मुलालाही फोनवर सांगितलं. तो हसला नाही, एवढंच म्हणाला, "आता तांब्या कर."

तेच चाललं आहे. कडेला गडद, मधे उजेड, थरावर थर. अजून एका बाजूला डाग पडतो. तांब्या जमला की मुक्तागिरीचा पावसाळी धबधबा करायचा आहे, त्याचे तुषार छटेनेच येतील. तोपर्यंत सराव झाल्यावर ब्रशमधून स्वच्छ पाणी सोडते, सुई जपून पुसते, आणि पान तारीख घालून वहीत ठेवते. वाणिज्य शाखेची आहे मी, चुकलेली नोंद फाडत नाही.