ओसरीवरील परिषद

आमचें शिरड शहापूर बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे तें मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळें. आम्हां गांवकऱ्यांस मात्र माघ-फाल्गुन म्हटला म्हणजे शिजत्या हळदीचा वास आठवतो. २०२४ सालच्या त्याच दिवसांत, खळ्यावर हळद वाळत असतां, माझा धाकटा भाऊ नांदेडहून अकस्मात् परत आला. हातांत कपड्यांची पिशवी होती, पुस्तकें नव्हतीं. परीक्षेस अद्याप तीन महिने अवकाश होता.

वैद्यकीय प्रवेशाच्या त्या परीक्षेचें नांव 'नीट'. "एकदां नीट झालें, कीं सारें नीट होईल," असा विनोद आमच्या घरीं दोन वर्षें चालला होता, आणि तो करणारा मीच होतों. दहावीनंतर आमच्याकडील पुष्कळ मुलें नांदेडला किंवा लातूरला शिकवणीस जातात. खोली भाड्याची, जेवण खानावळीचें आणि वरचेवर चांचण्या. भावाच्या शिकवणींत गुणांप्रमाणें तुकड्या पाडीत, व तो वरच्या तुकडींतून खालच्या तुकडींत गेला होता. पण हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं इतकेंच दिसलें, कीं मुलगा जेवत नाहीं, रात्रीं जागा असतो, आणि कांहीं विचारलें तर भिंतीकडे पाहतो.

मी थोरला, त्यांतून आपल्या शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेंत बक्षिसें मिळविलेला! मीं त्याला ओसरीवर बसवून व्याख्यान दिलें. वडिलांचे कष्ट, डोक्यावरचें कर्ज, गरिबींतून वर आलेल्या थोर पुरुषांचीं चरित्रें, यांतील कांहीं एक वगळलें नाहीं. "तुला कमी काय आहे?" या प्रश्नानें मीं समारोप केला. भाषण चांगलें वठलें, असें तेव्हां मला वाटलें होतें. आज तें लिहितांना लाज वाटते. तो उठून आंत गेला व त्यानें दार लावून घेतलें.

दुसऱ्या दिवशीं आजीनें सुपांत हळकुंडें घेतलीं आणि ती त्याच्या दारापाशीं निवडीत बसली. आजीला अक्षरओळख नाहीं. "जेवलास का रे लेकरा?" एवढेंच तिनें विचारलें. उत्तर आलें नाहीं, तरी ती उठली नाहीं. तिसऱ्या दिवशीं दार उघडें राहिलें. चौथ्या दिवशीं तो सुपाच्या पलीकडे येऊन बसला व हळकुंडांचीं मुळें मोडूं लागला. पांचव्या दिवशीं, मान वर न करतां, तो बोलला. पुस्तक उघडलें कीं छाती धडधडते. अक्षरें दिसतात, पण वाचतां येत नाहींत. शेवटीं म्हणाला, "आजी, सकाळ होऊंच नये असं वाटतं."

आजीचा हात थांबला. "इतके दिस एकलाच होतास व्हय रे," एवढेंच ती म्हणाली.

मग आम्ही त्याला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलें. हा आळस नव्हे, आजार आहे, हें मला त्यांच्याकडून ऐकावें लागलें. औषध सुरूं झालें. बोलण्यासाठीं भेटी ठरल्या.

ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापन केलेली मानसिक आरोग्याची एक संस्था आहे; आय. पी. एच. या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तिच्या वतीनें विद्यार्थ्यांसाठीं 'वेध' नांवाची परिषद भरते. पुढें ती इतर शहरांतूनही भरूं लागली. नांव व्यवसायमार्गदर्शनाचें, परंतु मनाचे दवाखाने चालविणाऱ्यांनीं ती भरविलेली असल्यामुळें तिची तऱ्हा निराळी आहे. मुलें व पालक एकाच सभागृहांत बसतात, आणि व्यासपीठावरील पाहुण्यांना यशाबरोबर त्यांच्या पडत्या काळाविषयींही विचारलें जातें. तिच्यांतील मुलाखती आतां मोबाइलवर पाहतां येतात. एके रात्रीं भावानें एक लावली, आणि आम्ही सारे ओसरीवर भोंवतीं बसलों.

मुलाखत संपली तरी कोणी उठेना. तेव्हां वडील बोलले. "पंधरा सालच्या दुष्काळांत मी पंधरा दिवस तापानं पडलो होतो ना, तेव्हां ताप नव्हता." आईनें मान वळवून त्यांच्याकडे पाहिलें, इतकीं वर्षें तिलाही हें माहीत नव्हतें. भाऊ त्यांच्याकडे पाहतच राहिला. आमच्या घरांतील परिषद ती हीच. तींत ठराव झाला नाहीं कीं आभारप्रदर्शन झालें नाहीं.

शाळेच्या वसतिगृहांत सायंप्रार्थनेच्या वेळीं आम्ही ईयोबाची गोष्ट ऐकत असूं. त्याचे तीन मित्र सांत्वनास आले आणि त्याचें दुःख पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसले. पुढें त्यांनीं तोंडें उघडलीं, व हा तुझ्याच पापाचा परिणाम, असें त्यास ऐकवूं लागले. पहिले सात दिवस आजीचे, आणि नंतरचें सारें पांडित्य माझें! लंडनमध्यें चॅड वारा या धर्मोपदेशकानें १९५३ सालीं निराश लोकांसाठीं दूरध्वनि ठेविला. भेटीस येणाऱ्यांना बाहेरच्या खोलींत चहा देऊन त्यांच्याशीं बोलत बसणारे साधे स्वयंसेवकच पुष्कळांस पुरेसे होतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. आणि लौकरच तें काम त्यानें त्यांच्याच हवालीं केलें.

२५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधीं निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. शिकवणीवर्गांनीं गुणांवरून तुकड्या पाडणें शक्यतों टाळावें. चारचौघांत मुलांस लाजवूं नये. बातमी वाचून भाऊ म्हणाला, "दीड वर्ष उशीर झाला." त्याचें म्हणणें खोटें नव्हे.

सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरूं केलेल्या 'टेलि-मानस' या विनामूल्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें अहोरात्र मराठींतही बोलतां येतें. वडिलांनीं तो स्वयंपाकघराच्या दारावर, हळदीच्या अडत्याच्या क्रमांकाखालीं, खडूनें लिहून ठेविला आहे.

भाऊ आतां शेतकीचें शिक्षण घेत आहे. मधून मधून वाईट दिवस येतात. त्या दिवशीं तो आजीला फोन करतो. आजीला हल्लीं ऐकूं फार कमी येतें. तो बोलत राहतो, आणि ती फोन कानाशीं धरून, हळकुंडें बाजूस सारून, बसून राहते.