रिंग अडली तिथे थांबावे

आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक जुनी राजदूत मोटारसायकल उभी आहे. टायर गेले, सीट उंदरांनी कुरतडली. नातू म्हणतो, "आजोबा, भंगारवाला आलाय, देऊन टाका की." मी दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरे कारण आज लिहितो. लिहायला थोडी लाज वाटते. पण घराघरात पाना-पकड हाती धरणारी तरणी पोरे आहेत, त्यांच्या उपयोगी पडले तर बरेच.

ज्यांनी राजदूत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. १७३ सीसीची, एका सिलिंडरची, दोन स्ट्रोकची ही गाडी. पोलंड देशातल्या एसएचएल गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनी ती आपल्याकडे बनवी. १९७३ सालच्या 'बॉबी' सिनेमातली छोटी राजदूत वेगळी; आमची मोठी, दुधाच्या किटल्या वाहणारी. यंत्र साधे. तिच्या इंजिनाला वेगळी ऑईलची टाकी नसे, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागे.

गोष्ट १९८४ च्या पावसाळ्यातली. मी वीस वर्षांचा. आमच्या दोन संकरित गायी आणि वस्तीवरच्या चार घरांचे मिळून चाळीसेक लिटर दूध आबा रोज पहाटे संकलन केंद्रावर नेत. अंतर नऊ किलोमीटर. टँकर निघून गेला की दूध परत घरी, आणि दुपारपर्यंत नासलेले.

त्या वर्षी गाडीचा दम गेला. दोन स्ट्रोकची गाडी चांगली असली तरी थोडा धूर टाकतेच, तेव्हा नुसत्या धुरावरून काही ठरवू नये. खरी पारख किकवर. चांगल्या इंजिनाची किक पायाला उलटा जोर देते. आमची किक मऊ लागत होती, लोण्यात पाय घातल्यासारखी. ओढ्याच्या चढाला आबा खाली उतरून गाडी ढकलीत. दोष आमचाच. कच्च्या रस्त्याची धूळ खाऊन एअर फिल्टर बुजला होता, फाटलाही होता, आणि तो दोन वर्षांत कोणी उघडून पाहिला नव्हता. फाटक्या फिल्टरमधून बारीक माती आत गेली, की ती सिलिंडर आणि रिंगा दोन्ही पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

तालुक्याचे मिस्त्रीकाका म्हणाले, "रिंगा गेल्यात. पण मला आठ दिवस सवड नाही." मी तिथेच रिंगांचा जोड विकत घेतला आणि घरी आलो. आबांनी विचारले, "तुला जमंल का?"

"न जमायला काय झालं? चार नट तर खोलायचेत."

ओसरीवर पोते अंथरले. हेड काढले, सिलिंडर उचलला, जुन्या रिंगा काढल्या, नव्या चढवल्या. दोन तासांचे काम. सिलिंडर परत खाली बसवताना मात्र एका जागी अडला. मी लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच ठोकले. पुन्हा ठोकले. काहीतरी बारीक 'टक्' झाले आणि सिलिंडर खाली बसला. आई चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "काय वाजलं रं?" मी म्हणालो, "बसला."

गाडी सुरू झाली. बांधापर्यंत गेली. मग आतून खरखर आवाज आला आणि ती जागेवर थांबली.

काय झाले होते ते नंतर कळले. दोन स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीला हवा येण्या-जाण्याची भोके असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. रिंग फिरत राहिली तर तिचे टोक त्या भोकात अडकेल. म्हणून पिस्टनच्या प्रत्येक खाचेत एक बारीक खिळी असते. रिंगेची दोन्ही टोके त्या खिळीला धरून बसली पाहिजेत. माझी रिंग सरकून तिचे टोक खिळीवर चढले होते. मी ठोकले तेव्हा ती मोडली. तुकड्याने पिस्टन खाल्ला आणि सिलिंडरवर उभे ओरखडे पाडले.

आबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सायकल काढली. दोन्ही बाजूंना किटल्या बांधल्या. अकरा दिवस ते तसे गेले, पावसात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. मी जातो म्हटले तर म्हणाले, "तू मिस्त्रीच्या पाठी लाग." सहाव्या दिवशी ओढ्याच्या चिखलात सायकल घसरली. आबा घरी आले ते कोपर फुटलेले, धोतर भिजलेले. एवढेच बोलले, "आज सांडलं." पगाराच्या दिवशी त्या चार घरांना त्यांनी सांडलेल्या दुधाचे पैसे पदरचे दिले. माझ्यामुळे सांडले, असे वस्तीवर कोणापाशी बोलले नाहीत. त्याचा सल मला अजून आहे.

सिलिंडरला बोअर टाकावा लागला, वरच्या मापाचा पिस्टन घ्यावा लागला. रिंगा बसवायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीकाकांनी हात पुसले आणि म्हणाले, "ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं. मी नुसता बघतो."

त्यांनी शिकवले ते असे. आधी इंजिनाच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबायची, म्हणजे गजन पिनचे लॉक निसटले तरी आत पडत नाही. लॉक नेहमी नवे घालावे. पिस्टनवर बाण असेल तर त्याचे टोक सायलेन्सरच्या बाजूला. जुनाच पिस्टन वापरायचा असेल, तर खाचेतला काजळीचा थर जुन्या मोडक्या रिंगेच्या तुकड्याने खरवडून काढावा. त्या मापाचे दुसरे हत्यार नाही.

मग रिंगेचे माप. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने थोडी आत ढकलायची, म्हणजे ती सरळ बसते. तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. ढोबळ हिशेब असा, की बोअरच्या दर इंचाला इंचाचे चार हजारावे भाग. अडीच इंचांच्या आसपास बोअर असेल तर फट साधारण पाव मिलिमीटर. याहून फार कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर रिंग वाढते, टोके एकमेकांना भिडतात आणि ती सिलिंडरला धरते. फार जास्त ठेवली तर दम निसटतो. कमी असेल तर टोक बारीक कानशीने सरळ घासावे. ज्या गाडीचे माप पुस्तकात दिले आहे, तिथे पुस्तकच मानावे.

रिंग बिडाची, म्हणजे ठिसूळ. लागेल तेवढीच फाकवायची. पत्र्याच्या तीन पातळ पट्ट्या पिस्टनला लावून त्यांवरून रिंग सरकवली की ती मोडत नाही. मग ऑईल लावायचे, टोके खिळीशी जुळवायची, बोटांनी रिंगा दाबून धरायच्या आणि सिलिंडर हळूच खाली आणायचा.

तोही त्या दिवशी अडला. माझा हात आपोआप हातोडीकडे गेला. मिस्त्रीकाकांनी हातोडी पायाने लांब सारली. "अडलं म्हंजी ते काहीतरी सांगतंय. वर घे, बघ." वर घेतले. खालची रिंग खिळीवरून केसभर सरकली होती. नखाने जागेवर आणली. सिलिंडर स्वतःच्या वजनाने खाली उतरला. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले.

आजच्या चार स्ट्रोकच्या गाड्यांना पिस्टनमध्ये खिळी नसते. तिथे साधारण तीन रिंगा असतात, दोन दम धरणाऱ्या आणि एक ऑईल खरवडणारी. त्यांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत, तीन बाजूंना वाटून ठेवावीत, आणि रिंगेवर खूण असेल तर ती वर. या गाड्यांत मात्र निळसर धूर आणि घटणारे ऑईल हीच रिंगा झिजल्याची खूण मानून तपासणी करावी. बाकी हातोडीचा नियम तोच.

बाराव्या दिवशी पहाटे किटल्या गाडीला बांधल्या. नव्या रिंगा अंगवळणी पडेपर्यंत गाडी हळू चालवायची असते, जोर द्यायचा नसतो. म्हणून किटल्या निम्म्याच भरल्या. उरलेले दूध शेजाऱ्याच्या बैलगाडीतून आधीच पुढे गेले होते. आबा म्हणाले, "आज तू चालीव." ते मागे बसले. नऊ किलोमीटरांत मी तीनदा थांबलो, इंजिन निवू दिले. किती वेळ जातोय, टँकर गाठेल की नाही, हे आबांनी तिन्ही वेळा विचारले नाही. ओढ्याचा चढ आला तेव्हा ते सवयीने उतरायला लागले.

मी म्हणालो, "बसा आबा, ओढतीय ती."

ते बसून राहिले.